जुन्या बाईकला नवे टायर : ठाणे-नवी मुंबईवाले नेहमी विचारतात ते प्रश्न

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. कळव्याला राहतो, घरात २००४ ची स्प्लेंडर आणि काकांची जुनी आरएक्स १०० आहे, आणि ह्या दोन गाड्यांच्या नादात गेल्या काही वर्षांत इतके टायर बदललेत, इतक्या दुकानांत उभा राहिलोय आणि दोन-तीनदा इतका मूर्ख बनलोय की आता बिल्डिंगमधला कोणीही टायर घ्यायला निघाला की आधी मला फोन करतो. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

टायर अजून जाड आहे, नक्षी दिसतेय, मग कशाला बदलायचा?

ह्याच प्रश्नापायी मी पडलोय म्हणून सगळ्यात आधी हा. जुलै महिना, कापूरबावडीचा फ्लायओव्हर, पाऊस नुकताच थांबलेला, स्पीड तीसच्या आसपास असेल, पुढे रिक्षा थांबली म्हणून हलका ब्रेक लावला आणि मागचं चाक असं काही बाजूला गेलं की कळायच्या आत मी आणि गाडी दोघं आडवे. उठून बघतो तर टायरची नक्षी चांगली खोल. घरी आल्यावर साइडवॉलवरची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भागावरची, तारीख वाचली, टायर आठ वर्षांचा निघाला. गाडी कमी चालायची, त्यामुळे झिजला नव्हता, पण रबर एवढं कडक झालेलं की नख दाबलं तरी रुतत नव्हतं.

जुन्या गाड्यांचा हाच प्रॉब्लेम असतो. त्या कमी चालतात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाहीतर उन्हात कव्हरखाली उभ्या असतात, आणि टायर झिजून नाही तर वयाने मरतात. ऊन आणि हवेतल्या ओझोनमुळे रबर सुकत जातं, आधी साइडवॉलला केसासारख्या बारीक चिरा येतात, मग नक्षीच्या खाचांच्या तळाशी येतात. हवा थोडी सोडून, बॅटरी घेऊन, बोटाने टायर थोडा वाकवून बघा, चिरा असल्या तर लगेच दिसतात. माझा स्वतःचा नियम असा की पाच वर्षांनंतर दरवर्षी पावसाळ्याआधी नीट तपासायचा, आणि सहा-सात वर्षं झाली की नक्षी कितीही सुंदर असो, काढून टाकायचा.

नक्षीचं म्हणाल तर कायद्याने दुचाकीला किमान ०.८ मिलिमीटर खोली लागते. खाचांच्या आत मधेमधे छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या लेव्हलला आला की संपला. पण ०.८ ही कायद्याची हद्द झाली, आपल्याकडच्या पावसात एवढ्याशा खाचेतून पाणी बाहेर जात नाही, त्यामुळे दीड-दोन मिलिमीटर उरलं की मी पैसे बाजूला काढायला लागतो.

ही तारीख असते कुठे?

साइडवॉलवर एका लांबट गोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. म्हणजे २३२५ असेल तर २०२५ सालचा तेविसावा आठवडा, साधारण जून. काही टायरवर ती एकाच बाजूला असते, त्यामुळे एका बाजूला नाही दिसली तर उलटा करून बघा. तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे, त्याला हात जोडा आणि गाडी तिथेच उभी ठेवा.

दुकानात पहिलं काम हेच करायचं, भाव नंतर. एका दुकानात मला नवा कोरा म्हणून जो टायर दाखवला तो साडेतीन वर्षं जुना होता, विचारलं तर म्हणे 'रबर आहे साहेब, भाजी नाही.' जुन्या साइजचे टायर कमी खपतात म्हणून वरच्या फळीवर पडून राहतात, आणि नेमके आपल्यासारख्यांच्याच गळ्यात पडतात. सावलीत नीट ठेवलेला वर्षभराचा टायर घ्यायला काही हरकत नाही, दोन वर्षांच्या पुढे मात्र मी सरळ दुसरं दुकान बघतो.

२.७५-१८ म्हणजे नक्की काय? दुकानदार ८०/१०० देतो म्हणतो, चालेल का?

२.७५ ही टायरची रुंदी इंचात आणि १८ हा रिमचा व्यास, तोही इंचात. जुन्या इंची साइजमध्ये टायरची उंची जवळपास रुंदीएवढीच धरलेली असते. नवीन पद्धतीत ८०/१००-१८ म्हणजे रुंदी ८० मिलिमीटर, उंची रुंदीच्या १०० टक्के, रिम १८ इंची. २.७५ च्या जागी ८०/१०० बहुतेक स्प्लेंडरवाले लावतात आणि चालतो, कंपनीने स्वतःच नंतरच्या ट्यूबलेस स्प्लेंडरला दोन्हीकडे ८०/१००-१८ दिलाय.

काही जुन्या गाड्यांच्या मूळ साइज : स्प्लेंडर पुढेमागे दोन्ही २.७५-१८, आरएक्स १०० पुढे २.५०-१८ आणि मागे २.७५-१८, २००१ ची पहिली पल्सर पुढे २.७५-१८ मागे १००/९०-१८, आणि जुनी बुलेट स्टँडर्ड दोन्हीकडे ३.२५-१९. तरी आपल्या गाडीचं मॅन्युअल किंवा चेनकव्हरवरचा स्टिकर बघाच, कारण पंधरा-वीस वर्षांत आधीच्या मालकाने रिम बदललेली असू शकते. आत्ता जो टायर चढलाय तोच बरोबर साइजचा आहे असं धरून चालू नका.

साइजच्या पुढे ४२पी, ४८पी, ६पीआर असं काहीतरी असतं ते सोडून दिलं तर?

नका सोडू. दुकानदार हे कधी आपणहून सांगत नाही आणि आपण कधी विचारत नाही. आकडा म्हणजे वजन झेलायची ताकद आणि अक्षर म्हणजे स्पीड. ४२ म्हणजे १५० किलो, ४८ म्हणजे १८० किलो. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत, ते आपल्या गाडीला पुरून उरतं. पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, आतल्या कापडाची ताकद समजा.

आता गंमत बघा. स्प्लेंडरचे दोन्ही टायर २.७५-१८, पण पुढचा ४ प्लायचा ४२पी आणि मागचा ६ प्लायचा ४८पी. साइज सेम म्हणून दुकानात जो हाताला लागेल तो मागे चढवतात. हिशोब करा, गाडी एकशेदहा किलोच्या आसपास, वर तुम्ही आणि मागे वहिनी, दोघांचे मिळून दीडशे धरा, झाले दोनशेसाठ, आणि डबल सीट असताना त्यातला निम्म्याहून बराच जास्त भार मागच्या चाकावर. म्हणजे १५० च्या टायरवर दीडशेच्या वर वजन, वरून मुंब्रा बायपासचे खड्डे. मग टायरला फुगा आला की आपण कंपनीला शिव्या घालतो.

मागे थोडा जाड टायर टाकला तर गाडी भारी दिसेल, ग्रिप पण वाढेल ना?

भारी दिसेल. ग्रिपचं विसरा.

हा प्रश्न कॉलेजच्या पोरांचा असतो आणि त्यांना नाही सांगितलेलं आवडत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. शंभर सीसीच्या जुन्या गाडीची रिम अरुंद असते. तिच्यावर १००/९० चढवला की टायरच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि वरचा भाग नारळासारखा गोल होतो, मग रस्त्याला टेकणारा पट्टा काही म्हणावा तसा वाढत नाही, उलट वळणावर गाडी अचानक कलल्यासारखी वाटते. टायर उंचीलाही दीड-दोन सेंटीमीटर वाढतो, म्हणजे एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते आणि तेवढा इंजिनवर लोड, आठ हॉर्सपॉवरच्या आत असलेल्या इंजिनला घोडबंदर रोडच्या गायमुख घाटात ते लगेच कळतं. चेन टायरला घासते, मडगार्डला घासते, डबल स्टँडवर लावली तरी मागचं चाक जमिनीला टेकतं. आणि एवढं करून ब्रेक तोच जुना ड्रमचा.

एक साइज वाढवायची असेल, म्हणजे २.७५ च्या जागी ३.०० वगैरे, तर आधी रिमवर कोरलेली रुंदी बघा आणि स्विंगआर्ममध्ये, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांमध्ये, दोन्ही बाजूला करंगळी जाईल एवढी जागा राहते का ते बघा. आणि हो, जुन्या गाड्यांची स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येते, त्यामुळे मागचा टायर बदलून काटा बदलत नाही, पुढचा बदलला तर बदलतो.

माझ्या गाडीला ट्यूबलेस बसेल का?

तारांची रिम असेल तर नाही. प्रत्येक तारेच्या भोकातून हवा जाणार, साधी गोष्ट आहे. ट्यूबलेस टायरच्या आत ट्यूब टाकून वापरणारे आहेत, पण त्यात ट्यूबलेसचा फायदा शून्य, खिळा घुसला की हवा जाणारच, आणि टायर कडक असल्यामुळे रस्त्याच्या कडेला पंक्चरवाला काढताना वैतागतो तो वेगळा.

अलॉय आहे म्हणजे ट्यूबलेस चालतो असंही नाही हं. सुरुवातीच्या बऱ्याच अलॉयवाल्या गाड्या ट्यूब टायरवरच यायच्या. ट्यूबलेसच्या रिमला आतून एक उंचवटा असतो जो टायरची कडा धरून ठेवतो आणि बहुतेक वेळा रिमवर तसं लिहिलेलंही असतं. ते नसताना नुसता व्हॉल्व बसवून 'कन्व्हर्ट' करून देणारे भेटतील, पण हवा कमी झाल्यावर वळणावर कडा सुटली तर पाम बीच रोडवर ऐंशीच्या स्पीडला काय होईल ह्याचा विचार तुमचा तुम्ही करा.

टायर बदलला, ट्यूब जुनीच ठेवली तर चालेल?

नाही. जुनी ट्यूब वापरून ताणलेली असते, नव्या टायरमध्ये तिची घडी पडते आणि बरोब्बर त्या घडीवर ती फाटते. टायरच्या मानाने ट्यूबची किंमत काहीच नाही. रिमच्या आतली रबरी पट्टी पण बदला, आणि रिमला आतून गंज असेल तर त्याच वेळी घासून घ्या. आपल्याकडे खाडीची खारी हवा, ऐरोली-कोपरखैरणे-नेरूळ पट्ट्यातल्या गाड्यांच्या रिमा आतून बघवत नाहीत, आणि तो गंज ट्यूबला पॉलिश पेपरसारखा घासत राहतो.

कुठली कंपनी चांगली?

ह्यावर लोक भांडतात. एमआरएफ, सीएट, टीव्हीएस, अपोलो, जेके, मिशेलिन, सगळे घेणारे ओळखीचे आहेत आणि सगळे आपापल्या टायरची आरती करतात. माझं मत असं की साध्या जुन्या गाडीला योग्य साइजचा, योग्य वजनाचा आणि ताजा टायर हे कंपनीच्या नावापेक्षा जास्त महत्त्वाचं. तुमच्या आवडत्या कंपनीचा तीन वर्षं जुना आणि दुसऱ्या चांगल्या कंपनीचा गेल्या महिन्यातला, असे दोन समोर असतील तर मी डोळे झाकून दुसरा उचलीन.

एक गोष्ट मात्र कुठल्याही कंपनीत बघा, आयएसआयचा शिक्का. दुचाकीच्या टायरसाठी आयएस १५६२७ आणि ट्यूबसाठी आयएस १३०९८, हे नंबर शिक्क्यासोबत असतात. शिक्का नाही तर टायर नाही.

नक्षी कुठली घ्यावी? मातीवाले टायर मस्त दिसतात.

दिसतात, आणि डांबरावर घोंघों आवाज करत लवकर झिजतात. मोठमोठे ठोकळे असलेला टायर ओल्या डांबराला कमी टेकतो. तुमचा रस्ता ठाणे-बेलापूर रोड असेल तर रोडचीच नक्षी घ्या.

पुढे जुन्या पद्धतीचा सरळ रेषांचा टायर की आडव्या-तिरक्या खाचांचा, हा खरा प्रश्न. सरळ रेषांचा हँडलला हलका असतो, सरळ छान चालतो, जास्त टिकतो. पण आपल्या पावसात, म्हणजे मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा, फ्लायओव्हरचे मॅस्टिकचे गुळगुळीत पट्टे, पेव्हर ब्लॉक, सिग्नलला सांडलेलं ऑइल, ह्या सगळ्यावर मला तिरक्या खाचांचा जास्त भरवशाचा वाटतो. लोखंडी प्लेटवर मात्र कुठलाच टायर काही करत नाही, तिथे ब्रेक न लावणं हाच उपाय.

बजेट एकाच टायरचं आहे, पुढचा बदलू की मागचा?

जो खराब आहे तो. बहुतेक वेळा मागचा असतो, कारण ताकदही तिथूनच लागते आणि वजनही तिथेच. पण लोक काय करतात, मागचा दोनदा बदलतात आणि पुढचा दहा वर्षं तसाच, 'अजून चांगला आहे' म्हणत. मागचं चाक सरकलं तर सावरायला संधी मिळते, पुढचं गेलं की माणूस थेट खाली. त्यामुळे वय बघताना पुढच्यापासून सुरुवात करा.

सेकंडहँड किंवा कटिंग मारलेला टायर?

झिजून गोटा, म्हणजे गुळगुळीत, झालेल्या टायरवर गरम ब्लेडने परत खाचा कोरतात त्याला कटिंग म्हणतात. आधीच पातळ झालेलं रबर अजून पातळ करायचं. फुकट दिला तरी नको.

बसवताना समोर उभं राहून काय काय बघू?

उभे रहाच, चहाला जाऊ नका. साइडवॉलवर बाण असतो तो चाक फिरण्याच्या दिशेला हवा, आणि काही टायर पुढेमागे दोन्हीकडे चालतात त्यांना दोन बाण असतात, पुढचा वेगळा मागचा वेगळा, तिथे हमखास गोंधळ होतो. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्वजवळ यायला हवा, ती टायरची हलकी बाजू असते. हवा भरल्यावर रिमच्या कडेलगत टायरवर एक बारीक रेषा दिसते, ती दोन्ही बाजूंनी गोल सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे, एका जागी आत बुडालेली असेल तर हवा सोडून साबणाचं पाणी लावून परत भरायला सांगा, नाहीतर गाडी कायम उड्या मारत चालेल. व्हॉल्वचा नट रिमला आवळून टाकू नका, वर टोपीला लावून ठेवा, कारण ट्यूब थोडी सरकली तर व्हॉल्व वाकडा झालेला दिसतो आणि आपल्याला वेळेत कळतं, आवळून ठेवला तर व्हॉल्व मुळातून तुटतो.

चाक निघालंच आहे तर बेअरिंग बोटाने फिरवून बघा, ब्रेक लायनर साफ करून घ्या, तारा सैल असतील तर आवळून घ्या. मागचं चाक परत बसवलं की चेन ताणायच्या जागेवरची खूण दोन्ही बाजूला सारखी आहे का बघा, आणि ब्रेक प्लेट धरून ठेवणाऱ्या दांड्याचा नट आणि त्याची पिन परत लागली का ते स्वतः डोळ्याने बघा. माझ्या एका मित्राची पिन दुकानातच राहिली होती, कोपरीच्या पुलापर्यंत पोचला आणि मागून खडखड सुरू झाली म्हणून वाचला.

नवीन टायर घसरतो म्हणतात ते खरंय?

हो, सुरुवातीला. पृष्ठभाग गुळगुळीत असतो, पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि जोरात वळणं नको. टायर चमकवायचं पॉलिश साइडवॉललाच, वर अजिबात नको. जमलं तर टायर मे महिन्यात बदला, म्हणजे पहिल्या पावसापर्यंत तो तयार होतो. जूनमध्ये सगळेच धावतात आणि तेव्हा आपली साइज नेमकी संपलेली असते.

हवा किती? आणि नायट्रोजन?

स्प्लेंडरला पुढे २५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मागे एकट्याला २८ आणि डबल सीटला ४०. मागच्या ह्या दोन आकड्यांत केवढा फरक आहे बघा, तरी लोक सगळ्याला 'तीस-तीस मार' सांगून मोकळे होतात. दुसऱ्या गाडीचे आकडे वेगळे असतील, स्टिकर बघा. टायर थंड असताना मोजा, वाशीहून ठाण्याला येऊन लगेच मोजली तर जास्तच दाखवणार. नायट्रोजनचं काय, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, त्यापेक्षा शे-दोनशेत मिळणारं स्वतःचं गेज घ्या, पंपावरच्या गेजवर माझा भरवसा नाही.

ऑनलाइन घेऊ की दुकानातून?

दुर्मिळ साइज असेल, म्हणजे १९ इंची वगैरे, तर ऑनलाइनला पर्याय नसतो कधीकधी. बाकी दुकानच, कारण तारीख बघून घेता येते. बिल पक्कं घ्या, त्यावर टायरचा नंबर लिहून घ्या, फुगा आला तर वॉरंटीला तोच लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे कोणी जुन्याच भावाची यादी पुढे करत असेल तर बिलात टक्के बघा.

गाडी १५ वर्षांची झाली, आरसी रिन्यू करायचीये. टायर बघतात का?

गाडी तपासणीला न्यावी लागते आणि टायर तर लांबूनच दिसतात. एमएच ०४ असो की एमएच ४३, गोटा टायर घेऊन जाऊन फेरी वाया घालवू नका. रिन्यूअल पुढच्या ५ वर्षांसाठी मिळतं, म्हणजे त्याच वेळी टायर टाकले तर साधारण पुढच्या रिन्यूअलपर्यंत तेच पुरतात.

जुन्या टायरचं काय करू?

दुकानातच सोडा, ते भंगारवाल्याला देतात. जाळू नका. गच्चीवर ठेवला तर पावसाचं पाणी साठून डेंग्यूचे डास होतात आणि पालिकेची माणसं फवारणीला आली की सोसायटीला ऐकून घ्यावं लागतं. आमच्याकडे आरएक्सचा एक आहे, त्याला खालून चार भोकं पाडून काकूने गवती चहा लावलाय.